एक्स्चेंजला काढलेली लाल गाडी

मी डोळ्यांची डॉक्टर. कोल्हापुरात मंगळवार पेठेत खाली दवाखाना, वर घर. दवाखान्याच्या दारात माझी जुनी स्पोर्ट्स कार उभी असते. लाल, दोन सिटांची, छप्पर उघडणारी. तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असतात आणि बटण दाबलं की पापण्या उघडाव्यात तसे वर येतात. निदान पूर्वी यायचे. मग डावा यायचा बंद झाला. बटण दाबलं की नुसता उजवा उघडायचा आणि समोरच्याला वाटायचं, गाडीनं आपल्याला डोळा मारला. तपासायला आलेल्या एका पैलवानानं मला बजावलं होतं, "डॉक्टर, आधी हिचं ऑपरेशन करा. मग माझं बघू."

ही गाडी मी गोव्याहून आणली. तिथं एका लग्नाला गेले होते. कायमचा परदेशी निघालेला एक गृहस्थ गाडी विकतोय असं पंगतीत कळलं आणि मी पान तसंच ठेवून उठले. माझं स्वतःचं लग्न मी केलं नाही. लोकांनी पुढं या दोन गोष्टींचा संबंध जोडला. जोडू देत.

गाडी जमिनीपासून वीतभर वर. आपल्याकडचे स्पीड ब्रेकर ज्यांनी घातले त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा ट्रॅक्टर असावा. प्रत्येक उंचवटा मी तिरकी होऊन, एकेक चाक चढवत पार करायची, आणि कुणीतरी हमखास ओरडायचं, "बाई, गाडी बसली की!" सुरुवातीला मी समजावून सांगायची की ती मुळातच अशी आहे. नंतर नुसती मान हलवायला लागले.

घरात मी आणि आबा, म्हणजे माझे वडील. आबा एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी कोल्हापूर-चंदगड मार्गावर गेली. ही गाडी त्यांनी कधी चालवली नाही. "एवढ्या खाली बसून गाडी चालवायची म्हणजे पाटावर बसून नांगर धरल्यागत हाय," असं ते म्हणायचे. पण तिच्यात बसायला त्यांना आवडायचं. सकाळचा चहा झाला की पेपर घेऊन ते डाव्या सिटावर जाऊन बसायचे. तिथं ऊन छान येतं. आणि एकदा त्या सिटात शिरलेल्या माणसाला बाहेर काढायला दोन माणसं लागतात, त्यामुळं दुपारपर्यंत ते तिथंच. येणारा-जाणारा थांबायचा. बांधाची भांडणं, मुलीला आलेलं स्थळ, जावयाचं पिणं, सगळं आबांच्या कानावर घातलं जायचं. माझे पेशंटही नंबर येईपर्यंत स्टिअरिंगसमोर जाऊन बसायचे. काहीजण तर आबांशी बोलून, मला डोळे न दाखवताच घरी जायचे.

गाडी बदलायचा विचार माझ्या गुडघ्यांनी आणला. हळूहळू मलाही ओढून काढायला माणूस लागायला लागला. छप्पर पावसाळ्यात अडकायचं, डाव्या दिव्याचा सुटा भाग कुठंच मिळत नव्हता. त्यात हायवेच्या शोरूममध्ये एक नवी स्पोर्ट्स कार आली. पावसाळी आभाळाच्या रंगाची. काचेपलीकडून तिला बघितलं आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. या वयात पोटात हललं की आपण आधी ॲसिडिटीची गोळी घेतो. मी घेतली. तरी हलायचं थांबेना.

शोरूममधला सेल्समन तिशी-पस्तिशीचा, दोन पोरांचा बाप, टाय लावलेला, अतिशय नम्र. म्हणाला, "मॅडम, जुनी एक्स्चेंजला देऊन टाका. आणि आधी ही चालवून तर बघा. जाऊया गगनबावड्याकडं."

निघालो. गाडी इतकी गुळगुळीत की शहर कधी मागं पडलं कळलं नाही. तेवढ्यात डॅशबोर्डवर चहाच्या कपाचं चित्र उमटलं आणि एक बाई गोड आवाजात इंग्रजीत म्हणाली की तुम्हाला झोप येते आहे, विश्रांती घ्या.

"मला झोप येत नाहीये," मी म्हणाले.

"कॅमेरा असतो मॅडम. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर लक्ष ठेवतो. पापणी मिटायला लागली की सांगतो."

"मी टक्क जागी आहे."

"हो मॅडम, दिसतंय."

थोड्या वेळानं परत कप. परत बाई. मी डोळे ताणून, भूत बघितल्यासारखी गाडी चालवायला लागले. समोरून येणारे दुचाकीवाले दचकून कडेला जात होते. गाडीचं मत बदललं नाही. सेल्समन म्हणाला, "मॅडम, आपण खरंच चहा घेऊया का? म्हणजे तिचंही समाधान होईल."

चहाच्या टपरीपर्यंत पोचायच्या आत रस्त्यात म्हशी आल्या. मी ब्रेकवर पाय नेण्याआधीच गाडी स्वतः गच्चकन थांबली. म्हशी गेल्या, एक राहिली. ती पुढं आली, तिनं गाडीचा वास घेतला, मग नाकाजवळचा भाग मन लावून चाटला आणि त्यावर चिखलानं भरलेली मान घासली. मागून मालक आला, तिच्या पाठीवर थाप मारून तिला बाजूला नेलं. रस्ता मोकळा झाला. मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी हातभर सरकली आणि परत गच्चकन थांबली. परत दाबला, परत तेच. पडद्यावर लाल अक्षरांत येत होतं की समोर अडथळा आहे.

"म्हैस गेली की," मी म्हणाले.

"सेन्सरला अजून वाटतंय आहे म्हणून," सेल्समन कपाळ पुसत म्हणाला.

म्हशीचा मालक काठीवर हनुवटी टेकवून हे बघत होता. त्यानं खिडकीत वाकून विचारलं, "पावणं, गाडी भ्याली व्हय म्हशीला?"

"भ्याली नाही काका, सेफ्टी आहे."

"म्हैस गेल्यावरबी भीत्या म्हंजे लईच भ्याली की." मग तो माझ्याकडं वळला. "बाई, हिला माणसात आणा आधी. म्हशी रोज जात्यात हितनं."

शेवटी सेल्समन खाली उतरला, म्हशीनं चाटलेली जागा त्यानं स्वतःच्या टायनं पुसली आणि गाडीला पटलं की म्हैस गेली. परतीच्या वाटेवर तो टाय घडी करून मांडीवर ठेवून बसला होता. मला दोनदा कप दिसला. पण खोटं कशाला बोलू, गाडी मला आवडली होती.

दुसऱ्या दिवशी तो जुनी गाडी तपासायला घरी आला. आबा नेहमीप्रमाणं डाव्या सिटावर. "आजोबा, जरा उतरता का?" त्यानं विचारलं.

"उतरतो की. वढा."

त्यानं ओढलं. कंपाउंडर त्या दिवशी रजेवर होता आणि माझा हात लचकलेला. आबा अर्धे वर आले आणि परत बसले. "ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले, "माझी कायबी अडचण न्हाय. तू तुझं बघ." मग आबांसकट गाडीची तपासणी झाली. सेल्समन गाडीखाली आडवा पडून टॉर्च मारत होता आणि आबा वरून त्याला त्याच्या गावाचं, सासरवाडीचं विचारत होते. त्यानं चारी बाजूंनी फोटो काढून पाठवले. संध्याकाळी शोरूममधून फोन आला. गाडी त्यांना पसंत होती. फक्त एक शंका होती. सगळ्या फोटोंमध्ये जे गृहस्थ आहेत ते कोण?

मी आबांना विचारलं, "देऊ का गाडी?" मला वाटलं होतं ते रागावतील. ते म्हणाले, "दे की. मला खुर्ची टाक उन्हात. बसायचंच हाय, कुठंबी बशीन." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण मी त्यांच्या नाही म्हणण्यावर विसंबून होते, असं तेव्हा लक्षात आलं. आता निर्णय माझ्या एकटीच्या गळ्यात आला.

डोक्यात तो चहाचा कप मात्र राहिला होता. माझी मैत्रीणही डोळ्यांचीच डॉक्टर. तिला मी तो किस्सा हसत हसत सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "खिडकीकडं तोंड कर." मग तिनं पट्टी घेऊन माझ्या पापण्या मोजल्या, वर बघ, खाली बघ केलं, बर्फाची पिशवी ठेवून पाहिली, बाहुल्या पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं. बाकी काही निघालं नाही. वयोमानानं पापणी उचलणारा स्नायू सैल झाला होता. डावी पापणी चांगलीच खाली आली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या, आणि माझी पडलेली पापणी रोज आरशासमोर उभं राहूनही मला दिसली नव्हती. ती एका गाडीला दिसली.

मी ठरवूनच टाकलं. जिनं माझा आजार ओळखला, तीच गाडी घ्यायची. आबा म्हणाले, "मग तुझी मैत्रीण घरात आणून ठेव की. खरं तपासलं तिनं."

मैत्रिणीनं पापणीचं ऑपरेशन केलं. डाव्या डोळ्यावर पट्टी, गाडी चालवायला बंदी. नेमक्या त्याच दिवसांत सेल्समन जुनी गाडी न्यायला आला. मी वरच्या खिडकीतून एका डोळ्यानं बघत होते. आबा डाव्या सिटावर. सेल्समननं गाडी सुरू केली, पण त्याला रिव्हर्स गिअर सापडेना. गाडी कुरकुरत पुढंच जायची, भिंत जवळ यायची. आबांनी पेपर घडी केला.

"हो बाजूला," ते म्हणाले. "मी सोडतो तुला."

आबांचं लायसन चालू आहे; त्याचं नूतनीकरण त्यांनी कधी चुकवलं नाही. त्यांच्या दोन्ही मोतीबिंदूंचं ऑपरेशन मीच केलं आहे, तेव्हा दिसायचाही प्रश्न नव्हता. दोघांनी जागा बदलल्या. त्यात बराच वेळ आणि शेजारच्या दुकानातली दोन माणसं खर्ची पडली. मग एका झटक्यात रिव्हर्स पडला आणि गाडी गल्लीच्या बाहेर गेली. शोरूम दहा मिनिटांवर.

दुपार झाली. फोन कुणी उचलेना. शोरूमवाले मलाच विचारायला लागले, आमचा माणूस कुठं आहे? शेवटी सेल्समनचा फोन आला.

"मॅडम, आम्ही गडहिंग्लजला आहोत. चहा घेतोय."

"गडहिंग्लजला? का?"

"ते मलाही नीट सांगता येणार नाही."

मागून आबांचा आवाज आला, "तिला सांग, हात वळला म्हणून."

सगळं मला नंतर कळलं. हायवेला लागल्यावर आबांचा हात आपोआप चंदगडच्या दिशेला वळला होता. सेल्समनला आधी वाटलं, जवळची वाट असेल. कागल गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण आजोबा इतकं निगुतीनं चालवत होते की त्यांना थांबवायला कारण सापडेना. वळणं बसनं घ्यावीत तशी ऐसपैस. आणि प्रत्येक एसटी थांब्यावर गाडी उभी. एका थांब्यावर टोपली घेतलेली एक बाई दाराशी आली आणि वाकून म्हणाली, "चंदगडला हाय व्हय?"

"हाय, पण जागा न्हाय बाई," आबा म्हणाले. "एकच सीट हाय आणि त्यात कंडक्टर बसलाय."

गडहिंग्लजच्या पुढं पाऊस लागला. छप्पर उघडंच अडकलेलं. सेल्समननं दोघांच्या डोक्यावर छत्री धरली आणि वाऱ्यानं ती उलटी होईपर्यंत धरून ठेवली. चंदगडच्या स्टँडवर आबांनी गाडी सरळ फलाटाला लावली. आतून कंट्रोलर धावत आला, "ओ पावणं, ही एसटीची जागा हाय!"

"ठावं हाय," आबा म्हणाले. "टायमात आलोय का तेवढं सांगा."

कंट्रोलर तरुण होता. आबांना ओळखणारं आता तिथं कुणी नव्हतं. त्यानं भिजलेल्या दोघांकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, मग घड्याळाकडं पाहिलं.

"कुठली गाडी?"

"कोल्हापूर."

"लेट हाय," तो म्हणाला.

सेल्समन सांगत होता, हे ऐकल्यावर आजोबांचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

दोघं दिवेलागणीला परत आले. गाडी दारांपर्यंत चिखलानं माखलेली. सेल्समननं आणि कंपाउंडरनं आबांना ओढून बाहेर काढलं. ते वर जाऊन, दोन भाकरी खाऊन झोपले. सेल्समन मात्र घुटमळत राहिला. शर्ट अंगाला चिकटलेला, हातात चंदगडहून आणलेली काजूंची पिशवी. तो बॉनेटवरून हात फिरवत होता.

"मॅडम, एक विचारू? ही गाडी शोरूमला नका देऊ. मला द्या. बायकोला काय सांगायचं ते मी बघतो."

शोरूमला गाडी द्यायची म्हणजे ती कुठंतरी नाहीशी होणार होती, आणि त्याला मी तयार होते. पण समोर उभ्या असलेल्या या भिजलेल्या माणसाला ती खरोखर हवी होती. त्याच्या तोंडाकडं बघता बघता मला गोव्यातलं अर्धं टाकलेलं जेवण आठवलं, आणि इतका कडवा मत्सर वाटला की माझी मलाच लाज वाटली.

"नाही," मी म्हणाले. "तुम्हाला नाही देणार. कुणालाच नाही देणार."

त्याला राग आला नाही. त्यानं मान हलवली, जणू त्याला हेच उत्तर अपेक्षित होतं. काजूंची पिशवी पायरीवर ठेवून तो रिक्षानं घरी गेला.

नव्या गाडीचा बेतही मी सोडला, तरी शोरूमनं तक्रार केली नाही. आठवड्याभरानं त्यांच्याकडच्या एका मुलीचा फोन आला. मॅडम, आमच्या प्रतिनिधीबद्दलचा तुमचा अनुभव दहापैकी किती? मी विचार करत होते तोवर आबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"पोरगं झ्याक हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "पर तिकिटं फाडायला शिकवा त्याला."