कुमुदच्या आवाजातले संस्कार

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये माझ्या शेजारणीला, कुमुदला, सगळे ‘रशियन वहिनी’ म्हणतात. पुण्यात असताना हौसेनं रशियन शिकली, म्हणून. ती भाषा काय चाटायची आहे, असं म्हणून सासरचे हसले होते. त्याच सासरचा लेक शैलेंद्र नोकरी गेल्यापासून बायकोच्या व्हिसावर इथे राहतोय. मुलगी ओवीसुद्धा तिच्याच व्हिसावर. कुमुदची नोकरी गेली की तिघांचंही इथलं खलास.

नोकरी कसली, तर मॉस्कोहून दुबईत येऊन राहिलेल्या काही विचारवंतांची एक छोटी संस्था आहे. त्यांचे प्रमुख प्रोफेसर वादिम. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक संस्कृतीची वाट वेगळी, पश्चिमेची फूटपट्टी सगळ्यांना लावू नये. एवढं मलाही पटतं, खोटं कशाला बोलू? पण गाडी तिथे थांबत नाही. आधी घर, धर्म, राज्य आणि मग उरलाच तर माणूस, म्हणे. हवं तिथे जायचं, हवं ते निवडायचं, हा पश्चिमेचा रोग. हे सगळं कुमुदनं हिंदी-मराठीत आणायचं आणि व्हिडिओला स्वतःचा आवाज द्यायचा. आवाज तिचा मुळातच गोड.

त्यात एक शब्द सारखा यायचा, ‘स्क्रेपी’. दोन तुळया एकमेकींना जखडायला लोखंडी पट्ट्या ठोकतात ना, त्या. समाज अशा पट्ट्यांवर टिकतो, हे प्रोफेसरांचं लाडकं वाक्य. आपल्या लोकांच्या कानाला लोखंड टोचेल, म्हणून कुमुदनं तिथे घातलं ‘संस्कार’. झालं! प्रोफेसर खूश, आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ तेच व्हिडिओ.

घरातला पहिला भक्त शैलेंद्र. घरी बसून बसून माणूस आंबला होता; आता कुणीतरी त्याला सांगत होतं, की घराचा कर्ता तूच. तेही त्याच्या बायकोच्या आवाजात! मला आधी हसू यायचं. मग ओवीला नेदरलँड्सच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, स्कॉलरशिपसकट. पोरगी सतरा वर्षांची, म्हणून आईबाप दोघांचा होकार हवा, तोही गुरुवारच्या आत. शैलेंद्र नाही म्हणाला.

बुधवारी संध्याकाळी मी कोथिंबीर वड्या घेऊन गेले, तर तिघं समोरासमोर बसलेले. कुमुद त्याला परोपरीनं समजावत होती. त्यानं वाद घातला नाही. नुसता फोनवर तिचा एक व्हिडिओ लावून फोन टेबलावर ठेवला.

“संस्कारांपासून तुटलेलं मूल परत येतं, पण आपलं होऊन येत नाही,” फोनमधली कुमुद म्हणाली.

खरी कुमुद पांढरीफटक पडली. “अरे, तो शब्द संस्कार नाहीच. लोखंडाची पट्टी आहे ती. जखडायची. मी गोड करून सांगितलं.”

“मग सांग ना प्रोफेसरांना,” शैलेंद्र शांतपणे म्हणाला. “चुकीचं भाषांतर केलं म्हणून. सगळे व्हिडिओ काढून टाकायला लाव. मी लगेच होकार देतो.”

इतका राग आला मला, की वड्यांचा डबा त्याच्या डोक्यात घालावा! त्याला पक्कं ठाऊक होतं. ती नोकरी गेली तर महिन्या-दोन महिन्यांत सगळं आवरून पुण्याला, त्याच सासरी. यानं होकार दिला तरी तिथे गेल्यावर ओवीला कोण पाठवणार होतं? बोलली तरी ओवी अडकणार, गप्प बसली तरी अडकणार.

“आई, से समथिंग,” ओवी म्हणाली.

कुमुदनं तोंड उघडलं. फोनवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला, आणि तिचाच आवाज घरभर बोलत राहिला. ओवीनं तो थोडा वेळ ऐकला.

“यू ऑलरेडी डिड,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

गुरुवार गेला. त्या दिवशी कुमुदनं ऑफिसात नवा भाग रेकॉर्ड केला, विषय कुटुंब. ग्रुपवर आला तेव्हा मी ऐकला. आवाज तसाच गोड होता मेलीचा.