पुलाखाली उतरणारी रेघ

लिहायचा मला काय अधिकार, हा प्रश्न मलाही पडतो. घरात कॉलेजला जाणारा मी पहिला, आणि सांगायचं आहे ते फक्त एका ठिपक्याबद्दल. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

कराडच्या अलीकडे हायवेवर उड्डाणपूल झाला आणि आईची रसवंती पुलाखालच्या रस्त्यावर राहिली. गाड्या वरून निघून जाऊ लागल्या. हाही उन्हाळा रिकामा गेला तर रसाचा चरक विकायचा आणि इस्लामपूरला वॉचमनची नोकरी धरायची, असं आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ठरवून टाकलं होतं.

सांगलीत कॉलेजात मी एका डिजिटल नकाशावर काम करायला शिकत होतो. तो कुणालाही दुरुस्त करता येतो. त्यात रस्ता म्हणजे एक रेघ. दोन रेघा एकमेकींवरून गेल्या म्हणून चौक होत नाही. दोघींचा मिळून एक ठिपका असेल, तरच नकाशा तिथे वळू देतो. नसेल, तर एक रेघ पूल आणि दुसरी त्याखालची वाट.

पुलाच्या आधी डावीकडे खाली उतरायचा रस्ता आहे. नकाशात तो होता, पण हायवेला टेकलेला नव्हता. दिसायचा टेकल्यासारखा, मोठं करून पाहिलं की मधे फट. त्यामुळे कुणी फोनवर आमची रसवंती शोधली, तर फोन त्याला पार पुढच्या गावावरून वळसा घालून आणायचा. ग्लासभर रसासाठी एवढं फिरून कोण येणार?

सुट्टीत हे आईला दाखवलं.

"तुझ्या हातात हाय तर आपला रस्ता वर काढ की रं. पूल जाऊ दे खालनं."

ते खोटं होईल, असं मी म्हणालो.

"आन् आमी हितं असून कुनाला दिसत न्हाई, ते खरं व्हय?"

वरचं खाली करणं माझ्या हातात नव्हतं, जोडणं होतं. उतारावर जाऊन हायवे आणि उताराच्या मधला दुभाजक कुठे संपतो ते पाहिलं, तिथे ठिपका जोडला आणि सांगलीला परतलो. बदल लोकांच्या फोनपर्यंत कधी पोचेल, माहीत नव्हतं. घरी विचारायचा धीर होत नव्हता.

मग एका दुपारी आईचाच फोन आला. महाबळेश्वरहून आलेली टॅक्सी दारात उभी होती.

"फोननं खाली उतरवलं म्हनत्यात. ठेवते आता, आण्णा ऊस सोलाय बसल्यात."