अंजनाअक्कांनी दोर धरला नाही

कानबाईच्या विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी मी गिरणा नदीत चौथ्यांदा बुडलो. बुडण्याच्या अभिनयात मला तोड नाही. गाल फुगवायचे, डोळे फिरवायचे, आईच्या नावाने टाहो फोडत दोनदा खाली जायचं आणि दोर पडला की त्याच्यावर झडप घालायची. काठावरची पोरं हसून लोळायची. हसली तरी दोर नेमका पडला पाहिजे, एवढीच अट.

मी इंजिनिअर रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीभर बोटी, तरते पूल आणि पुरातली माणसं. नाईक सलीम माझ्याच प्लाटूनचा, चाळीसगावचा. घरी गाद्या भरायचं दुकान. माझ्यामागून तोही पेन्शनवर आला आणि नदीकाठच्या आमच्या गावात आम्ही पोहणाऱ्या मुलामुलींचा क्लास सुरू केला. पोहायला इथली पोरं विहिरीत आपोआप शिकतात. बुडणाऱ्याला वाचवायला कोणी शिकवत नाही.

सामान थोडं: सुती दोर, दोन वॉकीटॉकी आणि केळीच्या खांबांचे तुकडे. खांब छान तरतो आणि घड उतरवल्यावर फुकट मिळतो. ऑर्डर एकच. आधी दोर, मग खांब, माणूस सगळ्यात शेवटी, आणि तोही कमरेला दोर बांधून.

"उस्ताद, तुम्ही खरंच बुडाल त्या दिवशी ही पोरं टाळ्या वाजवतील," सलीम म्हणाला.

"तू असशील ना काठावर."

"मी तिकीट लावून बसेन."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळपासून ढोल. घराघरातल्या कानबाया बायकांच्या डोक्यावरून नदीवर येऊ लागल्या. आमच्या खानदेशात कानबाई म्हणजे देवी म्हणून सजवलेला नारळ: डोळे, नथ, गळ्यात मणी. पुष्कळ घरी नारळ दरवर्षी नवा असतो. गावातल्या अंजनाअक्कांच्या घरचा मात्र त्यांच्या सासूच्या सासूपासूनचा होता. तो पाण्यात बुडवायचा आणि परत घरी न्यायचा, अशी त्यांची रीत.

वर कुठे तरी पाऊस झाला होता. पाणी गढूळ आणि ओढ जास्त. मी बंधाऱ्यावर होतो. सलीम आणि आरती वरच्या अंगाला, घाटाच्या पायऱ्यांवर. आरती अकरावीतली, आमच्या बॅचची सगळ्यात चांगली थ्रोअर.

"सलीम, रिपोर्ट."

"ऑल ओके. इथे एक मावशी फुगडीला बोलावतेय. परमिशन? ओव्हर."

"निगेटिव्ह. ओव्हर."

"मावशी नाराज होईल. आउट."

त्यानंतर थोड्याच वेळात अक्का एक पायरी जास्त उतरल्या. शेवाळावरून पाय गेला आणि ओढीने त्यांना आत घेतलं.

आरतीने वेळ घालवला नाही. दोर अक्कांच्या खांद्यावरून पलीकडे पडला. याहून चांगला थ्रो मी फौजेतही क्वचित पाहिला. अक्कांनी तो धरला नाही. त्यांचे दोन्ही हात पाण्याच्या वर होते आणि हातांत नारळ होता.

"कानबाई सोडी दे, अक्का," आरती ओरडली. "दोर धर."

अक्कांनी मान हलवली. नाही.

बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो, या भरवशावर आमचं सगळं ड्रिल उभं होतं. सलीमने केळीचा खांब ढकलला. खांब अक्कांच्या अंगाला लागून पुढे वाहून गेला. आरतीने चपला काढल्या.

"तू नाही. लाइन धर," सलीम म्हणाला. मग माझ्या सेटवर त्याचा आवाज आला. "उस्ताद, मी आत जातोय. दुसरी लाइन आणा. आउट."

त्याच्या कमरेला दोर नव्हता. तिथला एकच दोर पाण्यात, अक्कांजवळ होता. सलीमने तो गाठला, अक्कांच्या काखेतून घेऊन गाठ मारली आणि हात वर केला. पायऱ्यांवरच्या आमच्या क्लासच्या पोरांनी दोर ओढायला घेतला. दोघांचं वजन त्यांना ओढवेना. उलट पोरंच पायऱ्यांवरून खाली सरकू लागली. सलीमने ते पाहिलं आणि दोर सोडला.

अक्का काठाला आल्या. नारळ हातातच होता.

मी काठाने धावत, बंधाऱ्याकडे वाहत येणाऱ्या सलीमच्या समोर पोचलो आणि दुसरा दोर फेकला. सलीमची बोटं त्याला लागली, हे मी पाहिलं. मग बंधाऱ्यातून पाणी सोडायच्या मोरीने त्याला खाली ओढलं. दोर हलकाच परत आला.

सलीम दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या गावाच्या शिवारात सापडला. दुपारी चाळीसगावला दफन झालं.

क्लास आम्ही बंद केला नाही. आता विसर्जनाला कमरेला दोर बांधलेली मुलं-मुली पाण्यात ओळीने उभी राहतात. बायका कोरड्या पायरीवर थांबून देवी त्यांच्या हातात देतात. तरीही कोणी घसरली तर ओरडायचं काय, हेही शिकवतो: देवी आम्ही आणतो, तुम्ही हात द्या.

दफनाच्या तिसऱ्या दिवशी अक्का मला म्हणाल्या, माले त्याना घर ली चाल. मी घेऊन गेलो. सलीमची अम्मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसली होती. अक्का उंबऱ्यापाशीच खाली बसल्या.

"मी कानबाई सोडी दिन्ही व्हती ते तुना पोरगा वाची जाता ना, माय?"

 

अम्मी उठली. अक्कांचा दंड धरून तिने त्यांना आत नेलं आणि स्वतःच्या शेजारी बसवलं.

"तो तुम्हाला आणायलाच गेला होता, बाई," ती म्हणाली. "तुम्ही आलात."