लॅब्राडोर ना?

बागेच्या फाटकाशी एका अनोळखी बाईंनी विचारले, "अय्या, लॅब्राडोर ना?" कुत्र्याचे मालक, साठीचे गृहस्थ, किंचित थांबून म्हणाले, "हो."

तेवढ्यात रस्त्यापलीकडे एक आजी पोळीचे तुकडे घेऊन भटक्या कुत्र्यांना "यू, यू" करू लागल्या. ब्रुनो पट्टा हिसडून धावला आणि त्या घोळक्यात मिसळला. तोच पिवळसर रंग, तीच वर वळलेली शेपटी.

"ब्रुनो, कम!"

त्याने पाहिलेही नाही.

"इंग्रजी विसरला वाटतं," बाई म्हणाल्या.

पाळलेल्या कुत्र्याशी आपण इंग्रजी बोलतो, रस्त्यावरच्याशी मराठी. मालक खाली मान घालून हळूच म्हणाले, "यू, यू." हाक सवयीची असावी. ब्रुनो तोंडातली पोळी टाकून धावत आला. त्यांना मात्र त्याच्याकडे बघवेना.