समोरच्या बर्थवरचा डबा

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत एक गृहस्थ वरच्या मजल्यावर राहायचे. सरकारी नोकरी, मूळचे नागपूरचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरच्या गाडीत आमची हमखास गाठ पडायची. मथुरा गेलं की ते बर्थवर वर्तमानपत्र पसरत, त्याच्या कडा नीट दुमडत आणि मगच डबा उघडत. बोलताना ‘बिल्कुल’ म्हणायची त्यांना सवय होती.

एकदा त्यांनी भाकरी आणि झुणका माझ्यापुढे केला.

“घ्या, बिल्कुल घरचं आहे.”

त्यांच्या घरातली बुद्धाची मूर्ती मी पाहिली होती. आमच्याकडे केबल आली होती, ऑफिसात कॉम्प्युटर आले होते, मी स्वतःला नव्या जमान्याचा समजत होतो. तरी माझ्या तोंडून निघालं, “आज उपास आहे.”

जेवून ते हात धुवायला गेले, तेवढ्यात मी पँट्रीवाल्याकडून कटलेट घेतलं. ते परत आले तेव्हा माझ्या तोंडात घास होता. ते वर्तमानपत्राची घडी करून खिडकीबाहेर बघत बसले.

पुढच्या वर्षी पुन्हा समोरासमोर जागा मिळाली. डबा उघडण्याआधी त्यांनी पिशवीतून दोन केळी काढून माझ्यापुढे ठेवली.

“तुमच्यासाठी आणलीत. साल तुम्हीच काढा, म्हणजे अडचण नाही.”

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला रागावता तरी आलं असतं. त्या क्षणी मी फक्त त्यांच्या डब्यातली भाकरी मागायला हवी होती, तेवढंही जमलं नाही. मी मान खाली घालून केळं सोललं.