प्लेगच्या झोपडीतला पहारा

"हात वर कर! अरे, वर कर म्हणतो ना! तो नव्हे, डावा!"

जुन्नरहून तट्टावर बसून आलेले डॉक्टरसाहेब माझ्या झोपडीच्या दारापासून दहा हातांवर उभे राहून ओरडत होते. नाकाला कापराचा रुमाल. मी डावा हात वर केला आणि असा किंचाळलो, की आमच्या बोरी गावच्या माळावरचे सगळे कावळे उडून थेट आणे गावच्या पठारावर जाऊन बसले.

मग साहेब आत आले. बगल दाबून पाहिली. "ब्युबो," म्हणाले. ब्युबो म्हणजे प्लेगची गाठ. मला ती नारळाएवढी वाटत होती, त्यांनी कागदावर सुपारीएवढी लिहिली. सरकारी माणसाला कमी लिहायची सवयच असते.

"आता डिलिरियम येईल," ते बाहेर जमलेल्या आमच्या भजनी मंडळीला म्हणाले. "म्हणजे ताप डोक्यात चढून हा बरळायला लागेल."

"साहेब, ह्यो बरा असतानाबी बरळतोच," आमचे म्हातारे विणेकरी आबा म्हणाले. "आमी वळखावं कसं?"

साहेब हसले नाहीत. "बरळत उठतात, पळत सुटतात, नदीत जाऊन पडतात. याला घटकाभरही एकटा सोडू नका. सात दिवस काढले तर वाचेल." एवढं बोलून तट्टावर बसले आणि गेले.

ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांना माझं पहिलं सांगणं हे, की गाठीपेक्षा 'एकटा सोडू नका' या वाक्याचं भय जास्त वाटतं. घरात उंदीर पडायला लागल्यावर सारा गाव माळावर झोपड्या घालून राहत होता. माझी बायको मुलांना घेऊन लोणीला माहेरी गेलेली आणि बंदोबस्तामुळे तिला परत येऊ देत नव्हते. कुकडी नदी माझ्या झोपडीपासून शंभर पावलांवर. माझ्यापाशी बसणार कोण? ज्याच्या घरी गाठ निघे, त्याच्या दाराकडे सख्खा भाऊसुद्धा पाठ फिरवत होता.

त्या महिन्यात आमचा सप्ताह ठरलेला होता. सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पुढचा येतो, विणेच्या पाया पडतो, ती गळ्यात घेतो, मगच आधीचा मोकळा होतो. पुढचा आला नाही तर पाय मोडेपर्यंत उभं राहायचं. पण देऊळ ओस पडलेलं, सप्ताह कुठला करणार?

आबा माझ्याकडं बोट करून म्हणाले, "सप्ता व्हनार. ह्योच वीणा समजा. खाली ठिवायचा न्हाई."

मग पखवाजवाला सखाराम म्हणाला, "सकाळचा पहारा माझा."

दुपारचा पहारा फुलचंदशेटनी मागून घेतला. ते जैन, आमच्या भजनातले नव्हेत. "शेट, तुमचा देव निराळा," कुणीतरी म्हणालं. "पण ताप तोच ना?" शेट म्हणाले. ते स्वतः गाळून उकळलेलंच पाणी पीत, तेच माझ्यासाठी तांब्यात आणत. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून मात्र आबा संध्याकाळच्या पहाऱ्याला आले, की वेळेवर उठत.

येणारा प्रत्येक जण रिवाजाप्रमाणे आधी माझ्या पाया पडे. असा मान मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. बरं व्हावं की नाही, असा विचार पडला. ताप तर असा, की छातीवर भाकरी टाकली असती तर फुगून वर आली असती. तिसऱ्या दिवशी मी खरोखरच उठून नदीकडं पळालो, आणि सखारामनं मला कमरेला धरून पाडलं. त्याचे दोन दात हलले. हे मी वाढवून सांगत नाही.

पुढचं तर मुळीच वाढवून सांगणार नाही.

पाचव्या दिवशी सखाराम पहाटे आला. दुपार झाली, शेट आले नाहीत. उन्हं कलायला लागली. तेवढ्यात बांधापलीकडून सखारामच्या भावाची हाक आली.

"सखा! आई लई घाबरी झालीया! तुझं नाव घेतीया! चल!"

"आलो! शेट आलं की निघतो!"

दोनदा हाक आली. दोन्ही वेळा त्यानं तेच उत्तर दिलं. भाऊ आईला टाकून थांबू शकत नव्हता, तो पळत परत गेला.

त्या वेळी मी शुद्धीवर होतो. जन्मभर या जिभेनं सबंध तालुक्याला थापा मारल्या, आणि "तू जा" एवढे दोन शब्द तिला उचलेनात. मी डोळे मिटून घेतले आणि त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं. मला नदी दिसत होती.

संध्याकाळी गाठ फुटली. सखारामनं पू पुसला, पोटीस बांधलं. दिवस मावळायच्या आत आबा त्यांच्या पहाऱ्याला आले, माझ्या पाया पडले, आणि मग सखारामकडं बघून नुसते उभे राहिले. त्याची आई तासाभरापूर्वी गेली होती. शेट सकाळीच तापानं पडले होते आणि निरोप घेऊन निघालेला गडी भिऊन वाटेतूनच पळाला होता.

शेटना गाठ निघाली, पण तेही वाचले. मंडळीनं त्यांच्यापाशीही पहारा दिला, आणि मला चार पावलं टाकता येताच त्यातला दुपारचा मी घेतला. पाणी उकळून द्यायचो, गोष्टी सांगत नव्हतो. तुमच्या घरी गाठ निघाली तर औषध आणा, पोटीस बांधा, पण आधी पहारे लावा. आणि पहारेकऱ्याला हाक आली तर जीभ उचला.

लांब चालण्याइतकं बळ आलं तसा मी सखारामच्या झोपडीत गेलो. तो आवाज जुळवायला पखवाजाला कणीक लावत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. शुद्धीवर होतो तेही सांगितलं.

"मी जा म्हणालो असतो, तर गेला असतास का रे?"

त्यानं कणीक थापली, पखवाजावर एकदा थाप मारून पाहिली.

"न्हाई," तो म्हणाला. "शेट आलं न्हवतं."