छिन्नी

कुठे ड्रिल चाललं आणि तापलेल्या पत्र्याचा वास आला, की मला देवासचा तो उन्हाळा आठवतो. आमचा नवा कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडायचा, म्हणून कॅबिनेटला जादा पंख्यासाठी भोक पाडायचं होतं. ड्रिलला लावायची गोल करवत बाजारात मिळत होती. मी तीच मागत होते, पण बाबा हातातली छिन्नी सोडेनात.

"मशीन-बिशीन कशाला? हातानं सब होतं!" ते म्हणाले आणि घाव घालत राहिले. पातळ पत्रा वाकत गेला. भोक वेडंवाकडं झालं, पंखा काही बसेना.

"बाबा, पुरे करा ना आता!" मी रडकुंडीला येऊन ओरडले.

त्यांनी छिन्नी पुन्हा पत्र्यावर टेकवली. कारखान्यातलं त्यांचं काम त्याच महिन्यात नव्या मशीननं घेतलं होतं, हे आईनं मला फार नंतर सांगितलं.